डोहावर जायचं ठरवताय? आधी काठावर कोण बसणार ते ठरवा

सुट्टी जवळ आली की ग्रुपवर जंगलातल्या डोहांचे फोटो फिरायला लागतात. हिरवंगार पाणी, वर झाडांची कमान, खाली 'कधी जायचं?'. मग गाडी कोणाची, निघायचं किती वाजता, स्पीकर कोण आणणार, यावर मेसेजचा पाऊस. पाण्याकडे लक्ष कोण ठेवणार, हे मात्र कोणी विचारत नाही. मला ते सगळ्यात आधी ठरायला हवं असं वाटतं. ते ठरत नसेल तर सहल पुढे ढकलावी, इतकं माझं मत ठाम आहे.

डोहात पोहायला मला मनापासून आवडतं. पाठीवर तरंगत वरच्या फांद्या बघत पडून राहायचं, हे सुख स्विमिंग पूलमध्ये नाही. पण पूलजवळ जीवरक्षक असतो, खोलीचे आकडे लिहिलेले असतात. डोहावर यातलं काही नसतं, ते आपणच सोबत न्यावं लागतं.

बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. श्वासच पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? शरीर उभं, डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होतंय, हात बाजूला पाणी दाबताहेत. लांबून बघणाऱ्याला वाटतं, उभ्या उभ्या खेळतोय. आणि हे सगळं मिनिटाभरात संपू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली.

म्हणून काठावरच्या माणसाने मोबाईल पिशवीत ठेवायचा, पाण्यात उतरायचं नाही, गप्पांत रमायचं नाही. अर्ध्या तासाने पाळी बदलायची, म्हणजे कोणाचाच दिवस वाया जात नाही. शेजारी लांब दोर आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन ठेवायचा. कोणी अडचणीत दिसलं तर दोर बांधून कॅन फेकायचा, नाहीतर लांब काठी पुढे करायची. उडी मारून धावून जाऊ नये. घाबरलेला माणूस हाताला लागेल त्याला घट्ट धरतो आणि वाचवणाऱ्यालाही खाली ओढतो.

पाणी स्वच्छ असलं की आपण फसतो. वरून पाहिलं तर ३ मीटर खोल पाणी जेमतेम सव्वादोन मीटर भासतं, कारण प्रकाश वाकतो. 'इथे पाय टेकतील' हा अंदाज तिथेच चुकतो. गेल्या वर्षी सूर मारला होता, म्हणून यंदाही मारायचा, हेही नको. पूर येऊन गेला की तळाचे दगड आणि ओंडके जागा बदलतात. सावलीतलं पाणी वर कोमट आणि हातभर खाली गार असू शकतं. एकदम उडी घेतली तर गारठ्याने श्वास आपोआप आत ओढला जातो, तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. हळूहळू उतरावं, श्वास ठिकाणावर येऊ द्यावा. धबधब्याच्या फेसाखाली तर जाऊच नये, त्या पाण्यात हवा मिसळलेली असते, शरीर नीट तरंगत नाही.

हवामानाचा अंदाज डोहाचा नको, वरच्या डोंगराचा बघा. डोहावर लख्ख ऊन असताना वर पाऊस झाला तरी लोंढा इथेच येतो. नितळ पाणी गढूळ होऊ लागलं, काटक्या-पालापाचोळा वाहत आला, ओढ्याचा आवाज वाढला, की चपला-पिशव्या गोळा करत बसू नका. उंच जागा गाठा.

साबण, शाम्पू घरीच राहू द्या. डोहातल्या बेडकांची कातडी हे सगळं शोषून घेते.

आणि निघायची वेळ सकाळीच ठरवा. झाडीत अंधार लवकर पडतो, पोहून पाय थकलेले असतात, परतीच्या वाटेवरचे दगड शेवाळलेले असतात. 'अजून एक डुबकी' म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. काठावर बसलेल्याने घड्याळ बघून 'बाहेर या' म्हटलं की त्यानेही बाहेर यायचं.