मेलेल्यांचे ठीक आहे, जिवंतांचे काय?

मेलेली माणसे उठून चालू लागतात, या मुद्द्यावर आमच्या घरात आजवर कोणीही आक्षेप घेतलेला नाही. आईने तर पहिल्याच रात्री ‘असंन बाप्पा, अमेरिकेत काहीही होते’ एवढे बोलून तो विषय निकालात काढला. आमचे सगळे आक्षेप आहेत ते जिवंत माणसांच्या वागण्यावर, आणि ते इतके आहेत की जेवणे आटोपून साडेनऊला लावलेला पाऊण तासाचा भाग संपेपर्यंत मध्यरात्र उलटून गेलेली असते.

मालिकेचे नाव ‘द वॉकिंग डेड’. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी ती अमेरिकेत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली. अकरा पर्वे, एकूण १७७ भाग. सुट्टीत घरी आलेल्या चिरंजीवांनी ती ‘एकदा पाहा तर खरं’ म्हणून लावली आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले माझे मामा नेमके त्याच आठवड्यात आमच्याकडे मुक्कामाला आले. मामांची सारी नोकरी पाण्यात गेली, आणि हे मी शब्दशः सांगतो आहे. त्यामुळे कोणतीही गोष्ट ‘मंजूर’ करण्यापूर्वी तिच्यावर शेरा मारण्याची त्यांना सवय आहे. पहिल्या दिवसापासून रिमोट त्यांच्या ताब्यात आहे आणि त्यावरील थांबवण्याचे बटण एव्हाना गुळगुळीत झाले आहे.

पहिला शेरा पहिल्या पाच-दहा मिनिटांतच पडला. नायक रिक हा पोलीस. गोळी लागून तो बेशुद्धावस्थेत दवाखान्यात पडलेला असतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा उशाशी ठेवलेली फुले सुकून गेलेली असतात, दवाखाना ओस पडलेला असतो आणि जग संपलेले असते. पाण्यावाचून माणूस जेमतेम काही दिवस काढतो. मग फुले वाळून कोळ होईपर्यंत याची सलाइन कोणी बदलली, असा मामांचा प्रश्न होता. आईचा प्रश्न त्याहून मूलभूत होता. ‘पेशंटजवळ रात्री कोणी थांबलंच नाही?’ आपल्याकडे अपेंडिक्ससाठी दाखल झालेल्या माणसाजवळसुद्धा पाळीपाळीने दोन नातेवाईक, एक डबा आणि एक चटई असते, त्यामुळे तिला ही गोष्ट मृतांच्या चालण्यापेक्षा अधिक अघटित वाटली. एक मित्र शेवटच्या घटकेला आला होता, त्याने दाराला खाट आडवी लावून याला वाचवले, असा बचाव चिरंजीवांनी मांडला. पण त्याच मित्राने पुढे रिकच्या बायकोला ‘तुझा नवरा गेला’ असे सांगून तिच्याशी सूत जुळवल्याचे उघड झाले, तेव्हापासून आईच्या लेखी तोच या मालिकेतला खरा राक्षस ठरला आहे. बाकीचे बिचारे नुसते भुकेले आहेत.

सौभाग्यवतींना मात्र पहिल्या पर्वातली एक गोष्ट तंतोतंत पटली. जग बुडाल्यावर उरलेली मंडळी शहराबाहेर तळ ठोकून राहतात, आणि तिथेही पाण्याच्या काठावर बसून सगळ्यांचे कपडे धुताना दिसतात त्या बायकाच. ‘हे मात्र लेखकाने खरं दाखवलं हो,’ असे म्हणून त्या आवरायला उठल्या.

त्यानंतर विहिरीचा भाग आला. त्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण त्या रात्री आमच्या घरात जे घडले ते पडद्यावर घडले त्याहून भीषण होते. दुसऱ्या पर्वात ही मंडळी एका शेतावर आश्रयाला असतात. तिथल्या एका विहिरीत पाण्याने फुगून टम्म झालेला एक चालता मुडदा सापडतो. त्याला आतच गोळी घातली तर रक्ताने पाणी दूषित होईल, म्हणून त्याला अखंड बाहेर काढायचे ठरते. त्यासाठी जुन्या हातपंपाला दोर बांधून टोळीतल्या सगळ्यांत चपळ पोराला आमिष म्हणून खाली सोडतात. पंप उखडतो आणि पोरगा थोडक्यात वाचतो. शेवटी मुडद्याला फास बसतो, सगळे मिळून ओढतात आणि काठावर येता येता त्याचे दोन तुकडे होतात. वरचा भाग बाहेर राहतो, खालचा आतड्यांसकट विहिरीत.

मामांनी चित्र थांबवले, चष्मा काढला आणि ते उभे राहिले. ‘अबे, तो किती दिवसांपासून त्या पाण्यात भिजून राहिला?’

‘असेल काही आठवडे, आजोबा.’

‘मंग पानी आता खराब होईन का? ते तर तवाच खराब झालं!’

यावर चिरंजीवांना उत्तर सुचेना. मामांनी मग पुढचा अर्धा तास खड्या आवाजात असे सांगितले की, प्रेत फुगलेले दिसताच ती विहीर बाद समजून तोंडावर फळ्या ठोकायच्या, गेरूने ‘पिण्यास अयोग्य’ असे लिहायचे आणि शेतावर दुसऱ्या विहिरी आहेत, त्यांचे पाणी वापरायचे; त्यांनाही ब्लीचिंग पावडर टाकायची, पाणी उकळायचे आणि पोरगा, दोर, हातपंप यांपैकी एकही गोष्ट वाया घालवायची नाही. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, ‘काहून रे, त्या विहिरीले झाकण नव्हतं का?’ नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात ती वाढली. तिथल्या विहिरीवर लोखंडी जाळी होती, कारण पोरे आत पडत. जी विहीर पोरापासून वाचवता येते ती मुडद्यापासूनही वाचवता येते, हा तिचा तर्क मला आजही खोडून काढता आलेला नाही.

त्याच शेताचा म्हातारा मालक चालते मुडदे गोठ्यात कोंडून त्यांना कोंबड्या खाऊ घालतो, कारण त्यांत त्याची बायको आणि सावत्र मुलगा असतात आणि हा नुसता आजार आहे अशी त्याची समजूत असते. समाजमाध्यमांवरचे पंडित या निर्णयाला मूर्खपणा म्हणतात, पण माझ्या मते साऱ्या मालिकेत इतका विश्वसनीय निर्णय दुसरा नाही. आमच्या घरातही त्यावर कोणी बोट ठेवले नाही. ‘घरचं माणूस कोण टाकून देईन?’ आई म्हणाली, आणि मग कोंबडीचा सध्याचा भाव काय चालू आहे, याची तिने चौकशी केली.

पेट्रोलचा मुद्दा मामांनी असाच लावून धरला. साठवलेले पेट्रोल काही महिन्यांत जुने होऊ लागते, त्यातले हलके घटक उडून जातात आणि उरलेल्याचा चिकट थर इंजिनात बसतो. इथेनॉल मिसळलेले असेल तर ते हवेतला ओलावाही ओढून घेते. २०२० च्या टाळेबंदीनंतर त्यांची स्वतःची स्कूटर किकला दाद देईना, हा पुरावा त्यांनी मिस्त्रीच्या बिलासकट सादर केला. इकडे पडद्यावरची मंडळी मात्र पर्वामागून पर्वे वाटेतल्या बेवारस गाड्यांमधले पेट्रोल नळीने ओढून सुसाट फिरतात. नवव्या पर्वात घोडे आणि छकडे आले तेव्हा मामांचा चेहरा असा उजळला, जणू त्यांच्याच टिपणीवर वरिष्ठांनी सही केली होती. पहिल्या भागात रिक सायकलवरून घरी जातो, मग पुढे ती फारशी कोणाला का सुचू नये, हा प्रश्न त्यांनी तेवढा प्रलंबित ठेवला आहे. सायकलीला पेट्रोल लागत नाही, आवाज होत नाही, आणि पाय फरपटत चालणाऱ्या मुडद्यापेक्षा ती सत्तरीतले मामाही वेगाने चालवू शकतात. पहिल्या भागात दाराची मूठ फिरवू पाहणारी मृत बाई दिसली होती. तिचे हे कौशल्य पुढे तिच्या जातभाईंमध्ये कुठे गेले, हाही प्रश्न त्याच फायलीत आहे.

माझी स्वतःची अडचण हवामानाची आहे. मेल्यानंतर काही तासांतच माश्या अंडी घालतात, उन्हाळ्यात प्रेत दोन-तीन दिवसांत फुगते आणि उघड्यावर पडलेले असेल तर काही आठवड्यांत हाडे दिसू लागतात. मालिका सुरू होते तो अमेरिकेतला जॉर्जिया प्रांतही दमट आणि उष्णच आहे. तरी वर्षानुवर्षे तिथले मुडदे ठणठणीत चालत असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अक्षय तृतीयेला सुरू झालेली साथ मृग लागेपर्यंत उन्हानेच आटोपून टाकली असती. गिधाडे असती तर तेवढीही वाट पाहावी लागली नसती. पण जनावरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने १९९० च्या दशकापासून त्यांचा जवळजवळ निःपात केला. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता.

गिधाडांची उणीव कुत्री भरून काढतील. रात्री अकरानंतर आमच्या गल्लीत दुचाकीने शिरून पाहावे, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. तिथल्या टोळीला वेगात जाणारा, हेल्मेट घातलेला, कसलाही वास न येणारा करदाता नागरिक चालत नाही. मग सडक्या मांसाच्या वासाचा, लंगडत येणारा, दगड उचलण्याची अक्कल नसलेला मुडदा त्यांच्यासाठी संकट ठरेल की मेजवानी, हे सांगायला मामांचीही गरज नाही.

पण मालिकेतली सगळ्यांत मोठी त्रुटी माझ्या मते वेगळीच आहे. तिथे मुडदे दिसताच लोक पळतात. आमच्याकडे लोक पाहायला येतील. टाळेबंदीत ‘लोक किती बेजबाबदारपणे फिरून राहिले’ हे पाहायला दिवसातून दोनदा गाडी काढणारे गृहस्थ आमच्याच गल्लीत राहतात. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पहिला मुडदा दिसल्याची बातमी येताच निम्मे शहर बर्डीवर लोटेल, उरलेले निम्मे ‘अजून आहे का, का गेला?’ असा फोन करील, चौकात तर्री-पोह्याची गाडी लागेल आणि मुडद्याला गर्दीतून वाट काढणे मुश्कील होईल.

आसऱ्याच्या जागेवर मात्र घरात एकमत आहे. मालिकेतली मंडळी तिसऱ्या पर्वात तुरुंगात राहायला जातात. भिंती, जाळ्या आणि टेहळणीचे मनोरे पाहून मामांनी या निर्णयाला विनाअट मंजुरी दिली. आमच्यासाठी त्यांनी सीताबर्डीचा किल्ला नक्की केला आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी याच टेकड्यांवरून इंग्रजांच्या मूठभर फौजेने आप्पासाहेब भोसल्यांच्या कितीतरी मोठ्या सैन्याला थोपवले होते. इतिहास तेव्हा आपल्या बाजूने नव्हता, पण टेकडीच्या बाजूने नक्कीच होता, असे मामा म्हणतात. अडचण एवढीच की किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांना तो २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा ठरावीक दिवशीच पाहता येतो, त्यामुळे जगबुडीची तारीख सोयीची पडायला हवी.

सहाव्या पर्वात दगडाच्या खाणीत साचलेला हजारो मुडद्यांचा लोंढा मोटरसायकल आणि गाडीच्या आवाजामागे वस्तीपासून दूर नेण्याची योजना येते. ती फसते ती एका ट्रकच्या भोंग्यामुळे. भोंगा ऐकून अर्धा लोंढा वस्तीकडे वळतो. ही अडचण आमच्याकडे संभवत नाही. चौकाचौकात एकाच वेळी इतके भोंगे वाजत असतात की मुडद्याला कोणाकडे वळावे हेच कळणार नाही. शिवाय असा लोंढा हाकण्याचा आम्हाला सराव आहे. दरवर्षी तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक बडगे नावाच्या पुतळ्यांसह महाल-इतवारीतून निघते, मागे अफाट गर्दी असते आणि ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ असा एकच गजर चालू असतो. मुडदे आवाजामागे जातात हे खरे असेल, तर ते नाचत मारबतीमागे शहराबाहेर जातील. फक्त त्यांना बाकीच्या मंडळींपासून वेगळे कसे ओळखायचे, हे स्वयंसेवकांनी आधी ठरवून घ्यावे.

अन्नाच्या बाबतीत आईने कोणाचेच ऐकून घेतले नाही. बंद दुकानांतून डबे हुडकत जीव धोक्यात घालणाऱ्या त्या शूर वीरांकडे पाहून तिला कीव येते. तिच्या कोठीत वर्षाचा गहू, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली तुरीची डाळ, सांडगे, सरगुंडे, मूगवड्या, कुरडया, पापड आणि तीन प्रकारची लोणची आहेत, आणि हे सगळे तिने कोणत्याही साथीच्या भीतीने केलेले नाही. ‘यांच्या घरी उन्हाळ्यात वाळवण घालत नाही का कोणी?’ एवढेच ती विचारते.

गेल्या रविवारी मामांनी वहीत रीतसर आराखडा मांडला. पाण्याचे ड्रम गच्चीवर, जिना काढून शिडी, कूलरची लोखंडी जाळी खालच्या खिडकीला, कोठीची किल्ली आईकडे. आईने ड्रमच्या जागेला हरकत घेतली, कारण तिथे पापड वाळतात. तासाभराच्या चर्चेनंतर ड्रम दोन हात सरकले. रात्रीचा पहारा चिरंजीवांकडे गेला, कारण ते तसेही पहाटे तीनपर्यंत मोबाईल घेऊन जागेच असतात. मग सकाळी सहाला खाली उतरून दूध कोण आणणार, हा प्रश्न निघाला. मामांना गुडघा आठवला, चिरंजीव झोपेत असणार होते आणि सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मुडदे दारात असतील तर दूधवाला येणारच नाही, हा माझा मुद्दा आईने तिथेच फेटाळला. पैसे महिन्याचे आगाऊ दिलेले आहेत, तो येईन.