छत्रीची काडी

काल सकाळी मंडळाच्या खजिनदारांचा निरोप आला की, रविवारच्या शर्यतीत आजोबांच्या छत्रीची एक काडी मोडली असून तिचे साठ रुपये ‘टायमिंगवाल्या मास्तरांकडून’ घ्यायचे ठरले आहे. साठ रुपयांचे मला काही वाटत नाही. पण दोन दिवस खाऱ्या वाऱ्यात वायरी सोडवत बसलेल्या माणसाचा शेवटचा हिशेब हा असा निघावा, याचे वाटते.

शर्यत सायकलींची होती. अलिबाग तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला ओली वाळू घट्ट बसते, तिच्यावर चारशे मीटर, आणि एका वेळी एकच स्वार. ‘एकट्याने कसली शर्यत?’ हा पोरांचा सवाल रास्त होता, पण मंडळाला स्वस्तात मिळालेले जुने यंत्र मुळात बर्फावरच्या स्की शर्यतींचे. तिथे सुरुवातीला एक दांडी असते, स्कीपटूने ती नडगीने ढकलली की घड्याळ सुरू होते. अंतिम रेषेवर डोळ्यांना न दिसणारा किरण असतो, तो तुटला की घड्याळ थांबते, आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लागतो. सोबतच्या पुस्तिकेत उणे वीस अंशांत बॅटरी कशी जपावी, केबल बर्फाखाली गाडली गेल्यास काय करावे, हे सारे होते. अधिक चौतीस अंश, मीठ आणि कुर्ल्या यांच्याविषयी अवाक्षर नव्हते.

सुरुवातीला सायकलीचे पुढचे चाक एकदा किरण तोडी आणि मागचे पुन्हा एकदा, त्यामुळे एकाच स्वाराच्या दोन वेळा छापून येत. एका नोंदीनंतर यंत्राने किती वेळ डोळे मिटून राहावे, तो आकडा वाढवून मी ते मिटवले. पुढे साडेपाचच्या सुमारास रिसीव्हरचा, म्हणजे समोरून येणारा किरण टिपणाऱ्या डबीचा, लाल दिवा लागला, तो विझेचना. मी बॅटरी बदलली, भिंगावरची खार पुसली, प्लगवर दोनच दिवसांत चढलेला हिरवा गंज खरवडला. दिवा लालच.

याच वेळी आजोबा काळी छत्री टेकत आले आणि बरोबर किरणात उभे राहिले.

“आजोबा, जरा बाजूला व्हा. तुम्ही मध्ये आलात की यंत्राला वाटतं, कोणीतरी पोहोचलं.”

“मी काय सायकल आहे?”

“त्याला ते कळत नाही.”

“मग एवढे पैसे कशाला घातले?” ते तसूभरही हलले नाहीत. “आणि शंभरावा भाग कशाला हवा? इथे भरतीची वेळ पंधरा मिनिटं मागेपुढे झाली तरी कोणी विचारत नाही.”

माझ्यातला मास्तर जागा झाला. 2014 साली सोची ऑलिंपिकमध्ये महिलांच्या डाउनहिल शर्यतीत दोमिनिक गिसिन आणि टिना माझे या दोघींची वेळ शंभराव्या भागापर्यंत एकच, 1 मिनिट 41.57 सेकंद, आली आणि दोघींना सुवर्णपदक द्यावे लागले, हे मी त्यांना सविस्तर सांगितले.

“आडनाव माझे, आणि दुसरीलाही दिलं?” आजोबा गहिवरले. “मोठ्या मनाची बाई. मंडळही श्रीमंत दिसतंय. पण एवढं यंत्र लावून शेवटी बरोबरीच ना?”

स्की शर्यतींत विजेवरचे घड्याळ दगा देईल हे गृहीतच धरलेले असते. दोन स्वतंत्र यंत्रणा चालतात, शिवाय माणसे हातातल्या घड्याळावर वेळ घेत असतात. आमचे हातातले घड्याळ ज्यांच्याकडे होते, ते कोकम सोडा प्यायला गेले होते. हे मी चिडून सांगत असताना आजोबा रिसीव्हरकडे वाकून पाहत होते.

“मास्तर, याचे डोळे दिपलेत. मोतीबिंदू काढल्यावर माझंही असंच व्हायचं.”

त्यांनी छत्री उघडून रिसीव्हरवर तिरकी धरली. लाल दिवा विझला. पुळणीवर टाळ्या पडल्या.

आमचा समुद्र पश्चिमेला, रिसीव्हर सुरूंच्या बाजूला आणि त्याचे तोंड समुद्राकडे. मावळतीचे ऊन थेट भिंगात शिरले की आतला डोळा त्या उजेडाने भरून जातो आणि त्याला किरण वेगळा ओळखता येत नाही. रिसीव्हर पाण्याच्या बाजूला, पाठ उन्हाकडे करून लावायला हवा होता, हे मला ठाऊक होते. केबल लाटेत भिजेल म्हणून मी तसे केले नव्हते. हे मी माईकवर सांगायला गेलो, तर माईकवरच्या गृहस्थांनी विचारले, “मास्तर, तुम्ही अलिबागहून आलात काय?” अलिबागचाच माणूस अलिबागच्या माणसाला हे विचारतो, तेव्हा उत्तर तरी काय द्यावे!

उरलेल्या एकोणीस सायकली होईपर्यंत छत्री कोणीतरी धरणे भाग होते. आजोबांचे गुडघे दुखत असल्याने ते माझ्या खुर्चीवर बसून वेळा पुकारू लागले आणि वाऱ्याशी झुंजत छत्री मी धरली. काडी मोडली ती तेव्हा. बक्षीस समारंभात शाल-श्रीफळ आजोबांना मिळाले. मला वडापाव मिळाला, तोही गार.

साठ रुपये मी दुपारीच पाठवले. संध्याकाळी पावती आली; तिच्यावर माझे नाव नव्हते, ‘छत्री धरणारे’ एवढेच लिहिले होते.