'सिंड्रेला मॅन': ब्रॅडॉकचा डावा हात आणि बेअरवरचा अन्याय

बॉक्सर जिम ब्रॅडॉकवरच्या 'सिंड्रेला मॅन' या चित्रपटाबद्दल तुम्ही प्रतिक्रिया मनापासून लिहिली आहे, म्हणून उत्तरही नीट देतो. तुमचे आक्षेप दोन. सरकारी मदतीवर घर चालवणारा गोदी कामगार वर्षभरात हेवीवेट जगज्जेता होतो, हे पटत नाही. आणि शेवटच्या लढतीत नॉकआउट नाही, त्यामुळे शेवट मिळमिळीत झाला. त्या लढतीतला प्रतिस्पर्धी मॅक्स बेअर खलनायक म्हणून मात्र तुम्हाला झकास वाटला.

वर्षभराचा हिशेब अगदी खरा आहे. जिम ब्रॅडॉकनं कॉर्न ग्रिफिनला तिसऱ्या राउंडमध्ये गारद केलं ते १४ जून १९३४ ला. त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये बेअरनं तेव्हाचा जगज्जेता कार्नेरा याच्याकडून जेतेपद घेतलं. मग ब्रॅडॉकनं जॉन हेन्री लुईस आणि आर्ट लास्कीला हरवलं, आणि १३ जून १९३५ ला बेअरला.

हे जमलं कसं, ते गोदीच्या प्रसंगात दिसतं. उजवा हात मोडलेला, प्लास्टर दिसू नये म्हणून त्याला बूटपॉलिश फासलेलं, आणि माल ओढायचा आकडा डाव्या हातात. ब्रॅडॉकची सगळी भिस्त आधी उजव्या हातावर असायची. गोदीनं त्याचा डावा खांदा कमावला, आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, चालतो तो खांद्याच्या दमावर. पुढचा पाय सरकतो, मूठ शेवटच्या क्षणी वळते, खांदा हनुवटी झाकतो आणि हात गेला त्याच रेषेत गालापाशी परत येतो. खांदा थकला की परतणारा हात खाली लोंबतो आणि समोरच्याचा उजवा ठोसा त्याच्यावरून थेट जबड्यावर बसतो. १९३६ मध्ये श्मेलिंग या बॉक्सरनं जो लुईस या दुसऱ्या बॉक्सरला याच खोडीवर गाठलं. बेअरच्या उजव्या हातासमोर १५ राउंड ही चूक टाळायची, ही काय ताकदीची गोष्ट आहे ते पडद्यावर पुन्हा पाहा.

नॉकआउट तिथं नव्हताच. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा कोणी किती राउंड जिंकले यावर निकाल लागे. पैजेचा भाव १० ला १ असा ब्रॅडॉकच्या विरोधात, समोरचा तयारीत ढिला आणि रिंगमध्ये माकडचेष्टा करणारा. अशा वेळी जॅब टाकत एकेक राउंड पदरात पाडून घेणं हेच शहाणपण. मला तर तो शेवट थरारकच वाटतो.

चित्रपट घसरतो तो बेअरपाशी. दोघांचा जीव घेऊन मिरवणारा माणूस म्हणून तो रंगवलाय. प्रत्यक्षात १९३० मध्ये फ्रँकी कॅम्बेल त्याच्याशी लढल्यावर दगावला, आणि बेअर इतका खचला की पुढच्या सहापैकी चार लढती हरला. दुसरा, एर्नी शाफ, १९३३ मध्ये कार्नेराशी लढल्यावर वारला. बेअरशी त्याची लढत होऊन तेव्हा सहा महिने होत आले होते. खऱ्या नावानं वावरणाऱ्या पात्राला असं काळं फासणं मला अजिबात मान्य नाही. या मुद्द्यावर तुम्ही चित्रपटाला धारेवर धरलं असतंत, तर मी तुमच्या बाजूनं उभा राहिलो असतो.