थंडीपेक्षा जवळच्या फेऱ्या वाईट

‘थंडीत निघण्याआधी बाइक पाच मिनिटं जागेवर चालू ठेवा’ हा थंडीतल्या बाइकच्या निगेवरच्या लेखातला सल्ला निदान कोकणात तरी फुकट पेट्रोल जाळणं आहे. रत्नागिरीत पारा क्वचितच १५ अंशांखाली उतरतो, आणि १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइलच्या नावातला १०डब्ल्यू म्हणजे थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा दर्जा, त्याची चाचणी उणे २५ अंशांना होते! सुरू करा, अर्धा मिनिट थांबा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिन न पिळता चालवा. ऑइल त्यानेच लवकर तापतं.

खरा त्रास लेखात आलाच नाही. आमच्याकडे बाइक घर ते जेटी, जेटी ते बाजार एवढीच पळते. सिलिंडर तापतो, ऑइल मात्र कोमटच. मग इंधन जळताना तयार झालेली वाफ आत पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतला दुधट चिकटा म्हणजे तोच. माझ्या बाइकमधला हा चिकटा आंबा घाटाची लांब चढण चढून आल्यावर गेला; ऑइल पुरतं तापलं आणि पाणी उडून गेलं.