‘चार तास झोपा’ म्हणणाऱ्यांनी मूळ अभ्यास वाचलेला नाही

‘वेळेचे नियोजन : यशाचे पाच सुवर्णनियम’ अशा मथळ्याचा एक संदेश गेले काही महिने व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. आमच्या कुटुंबाच्या गटावर तो एका ज्येष्ठ नातेवाइकांनी ‘मुलांनी जरूर वाचावे’ अशी पुस्ती जोडून पाठवला आणि माझ्या बहिणीच्या दोन्ही मुलांनी, दुर्दैवाने, तो जरूर वाचला. भाचा पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करतो; भाची त्याच परीक्षेची तयारी सोलापूर जिल्ह्यातल्या घरी राहून करते. गेल्या महिन्यात मी पुण्याला गेले, तेव्हा भाच्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले हिरव्या स्केचपेनातले वेळापत्रक पाहिले : पहाटे साडेतीनला गजर, रात्री साडेअकराला दिवा बंद आणि मध्ये सोळा तास अभ्यास. पंचायतराजसंबंधीच्या कलम २४३ चे पोटभाग तो मला सांगू लागला आणि तिसऱ्यावरच अडखळला. ‘मावशी, काल रात्रीच वाचलंय गं,’ असे म्हणताना त्याचे डोळे मिटत होते.

संदेशातले पाच नियम थोडक्यात असे आहेत. येल विद्यापीठातल्या १९५३ च्या ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती, त्यांनी पुढे उरलेल्या ९७ टक्क्यांहून अधिक संपत्ती मिळवली, म्हणून ध्येय लिहा. नेपोलियनप्रमाणे रोज चारच तास झोपा. कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते. कोणत्याही क्षेत्रात १०,००० तास घातले की प्रावीण्य मिळते. आणि शेवटी, दिवसाचे चोवीस तास सर्वांना सारखेच मिळतात, तेव्हा सबबी सांगू नका.

दुसरा नियम सर्वांत घातक आहे आणि गंमत अशी, की त्याचा निकाल चौथ्या नियमाच्या पोटातच दडलेला आहे. दहा हजार तासांचा आकडा आला आहे तो मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून. पश्चिम बर्लिनमधील संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचे त्यांनी तीन गट केले होते : सर्वोत्तम दहा, चांगले दहा आणि पुढे संगीतशिक्षक होऊ पाहणारे दहा. लहानपणापासून किती रियाज झाला याचा अंदाज प्रत्येकाकडून घेतला गेला आणि शिवाय प्रत्येकाला आठवडाभर दैनंदिनी लिहायला सांगितली गेली. सर्वोत्तम दहा जणांचा विसाव्या वर्षापर्यंतचा रियाज सरासरी दहा हजार तासांहून अधिक भरला. यातला ‘सरासरी’ हा शब्द संदेशात गळून पडला आहे. त्या दहांपैकी निम्म्यांनी विसाव्या वर्षी तो आकडा गाठलाच नव्हता, हे पुढे एरिक्सन यांनाच सांगावे लागले. इतके तास घालणारा कोणीही निष्णात होतो, असे तर त्या अभ्यासात कुठेच म्हटलेले नाही.

आता त्याच दैनंदिनीतली झोप पाहा. वरच्या दोन्ही गटांतले विद्यार्थी दिवसाला सरासरी ८.६ तास झोपत होते, दुपारची डुलकी धरून. शिक्षक होऊ पाहणारे त्यांच्याहून कमी, म्हणजे ७.८ तास झोपत. एकट्याने करायचा रियाज वरच्या गटांत दिवसाला सुमारे साडेतीन तास होता आणि तोही सलग नव्हे, तर साधारण सव्वा-दीड तासाच्या बैठकांमध्ये विश्रांती घेत घेत. ज्या कागदावरून दहा हजार तासांचा आकडा उचलला, त्याच कागदावर अधिक निपुण मंडळी अधिक झोपतात असे लिहिलेले असताना ‘चार तास झोपा’ हा नियम शेजारी आणून बसवणाऱ्याने तो कागद उघडूनही पाहिलेला नाही. व्हायोलिन आणि राज्यसेवा या एक गोष्टी नव्हेत, हे मला मान्य आहे. पण तो दाखला मी शोधलेला नाही, संदेशानेच दिलेला आहे.

भाच्याचे म्हणणे असे होते, की पहिले चार दिवस जड गेले, नंतर शरीराला सवय झाली. हीच खरी फसगत आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका प्रयोगात, जो २००३ साली प्रसिद्ध झाला, निरोगी प्रौढांना चौदा दिवस रात्री चार किंवा सहाच तास झोपू दिले गेले. त्यांचे अवधान रोज घसरत गेले आणि अखेरीस एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्या माणसाइतके बिघडले. आपल्याला झोप येते आहे ही त्यांची स्वतःची जाणीव मात्र काही दिवसांनी वाढायची थांबली. सवय होते ती झोप न जाणवण्याची. सोळा तासांच्या वेळापत्रकात तेच पान तिसऱ्यांदा वाचण्याचे तास किती, हे कोणी मोजत नाही. नेपोलियनचे म्हणाल, तर त्याचा शाळासोबती आणि खासगी सचिव बूरिएन याने आठवणींत लिहून ठेवले आहे, की तो सात तास झोपत असे आणि दुपारी वर थोडी डुलकीही काढत असे. पहाटे उठण्याला माझा विरोध नाही. आमचे आजोबा रोज चारला उठत. पण रात्री नऊच्या आत ते घोरूही लागलेले असत.

‘चोवीस तास सर्वांना सारखेच’ हे वाक्य घड्याळापुरते खरे आहे. माझ्या बहिणीच्या एकाच घरात ते खोटे ठरते. भाच्याला दोन वेळचा डबा खोलीवर मिळतो. भाचीचा सकाळचा अभ्यास नळाला पाणी आले की थांबतो आणि पाणी कधी येईल हे ठरलेले नसते. त्यानंतर पोळ्या, आजीची औषधे आणि दारावर येणारे प्रत्येक माणूस हे तिच्या वाट्याचे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ गेल्याचे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे गेल्याचे आढळले. शिवाय असे काम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१ टक्क्यांच्या वर होते आणि पुरुषांत सुमारे २६ टक्के. पाच तास आधीच खर्ची पडलेल्या मुलीला ‘सबबी सांगू नकोस’ असे सुनावणे म्हणजे तिने अभ्यासाचा वेळ स्वतःच्या झोपेतून काढावा असे सुचवणे होय आणि भाचीने नेमके तेच सुरू केले होते.

एकवीस दिवसांच्या नियमावर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिले होते, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. त्यातले ‘किमान’ कोणीतरी खाल्ले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता आणि एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडले नाही. बाविसाव्या दिवशी गजर बंद करून झोपलेल्या मुलाने स्वतःला नालायक ठरवू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

येलचे ते सर्वेक्षण झालेच नव्हते. शोध घेऊनही त्याचा मागमूस लागत नाही, असे खुद्द येलनेच सांगितले आहे. तरीही ध्येय लिहून काढण्यात काहीच अर्थ नाही असे मला म्हणता येत नाही, हे जरा नाइलाजानेच कबूल करते. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून दिसते, की ‘उपजिल्हाधिकारी होणार’ एवढेच मनाशी ठरवण्यापेक्षा कोणती गोष्ट कधी व कुठे करणार हे नेमके ठरवले, तर ती हातून होण्याची शक्यता बरीच वाढते.

म्हणून भाचीला मी बर्लिनच्या विद्यार्थ्यांसारखी आठवडाभराची दैनंदिनी लिहायला सांगितली : शंभर पानी वही, अर्ध्या तासाचा एक चौकोन, जे घडले तेच लिहायचे. तिने आठवड्याला सत्तर तास ठरवले होते. कोणी हाक न मारलेले तास साडेएकोणीस निघाले. पहाटे पाच ते साडेसहा आणि दुपारी दोन ते चार हे बहुतेक दिवशी तिचे खरे तास. त्यांत आता ती मुख्य परीक्षेचे वर्णनात्मक उत्तरलेखन करते, चालू घडामोडी तुकड्यांच्या वेळात वाचते आणि साडेनऊला झोपते. भाच्याने गजर सहावर नेला आहे. वेळापत्रक अजून दारावर आहे, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे डिंक निघत नाही. दिवाळीला तो घरी येईल तेव्हा पाणी भरण्याचे काम त्याचे, असे भाचीने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले असून त्यापुढे कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या नळावर, हेही लिहिले आहे.