पाचगणी एका ओळीत संपली

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावरचा तुमचा लेख आवडला. झांझिबार, लंडन, 1985च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीतली ती जेमतेम वीस मिनिटं, सगळं छान आलंय. पण पाचगणी एका ओळीत उरकलीत, ते मनाला लागलं.

मी वाईचा. वडील एसटीत कंडक्टर, वाई-महाबळेश्वर फेरीवर. दहावीत असताना मावसभावाने क्वीनची कॅसेट दिली. ऐकून ऐकून टेप सैल पडायची, मग पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा सुरू! हा गायक पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा, मूळ नाव फारुख बुलसारा, हे खूप उशिरा कळलं. ज्या पसरणी घाटातून वडिलांची गाडी रोज चढायची, त्याच्या माथ्यावर हा मुलगा आठव्या वर्षापासून घरापासून हजारो मैलांवर बोर्डिंगात राहिला. पियानो शिकला. मित्रांसोबत 'द हेक्टिक्स' बँड काढला. 'फ्रेडी' हे नावही तिथलंच. म्हणजे स्टेजवरचा फ्रेडी घडायला सुरुवात आमच्या डोंगरावर झाली, असं मी तरी मानतो.

24 नोव्हेंबर 1991ला तो गेला, अवघ्या 45व्या वर्षी. दरवर्षी त्या दिवशी मी घाट चढून जातो. शाळेच्या फाटकाबाहेर थांबतो. सिल्व्हर ओकची पानं पायाखाली कुरकुरतात, थंडी असते, आतून मुलांचा गलका ऐकू येतो. गेल्या वर्षी लेक सोबत होती. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. गाणं संपलं तरी दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

पुढच्या लेखात पाचगणीची ती वर्षं सविस्तर लिहा, ही मनापासून विनंती.