अडीच लाखच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सांगलीतल्या एका वाड्यामागच्या शेडमध्ये बंद पडून असलेल्या १९६५ च्या ट्रायम्फ स्पिटफायर या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची किंमत मी अडीच लाख धरली, मालक सहा म्हणत होते. त्यावर तुम्ही लिहिलंत की तयार गाडी बारा लाखांना जाते, हिचं इंजिन हाताने फिरतंय, तेव्हा अडीच लाख म्हणजे मालकांच्या आजोबांच्या हौसेचा अपमान आहे आणि असल्या भावांमुळेच जुन्या गाड्या भंगारात जातात. तुमची तळमळ खरी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बारा लाख मीही धरले होते. पण ते रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचे, आणि तिथून उलटं मोजत यावं लागतं. पत्रा आणि रंग साडेचार लाख, इंजिन-गिअरबॉक्स दीड, ब्रेक-वायरिंग-टायर एक, कापडी हूड-सीटा-क्रोम एक. झाले आठ. सगळं उघडल्यावर जे निघतं त्यासाठी त्या आठावर आणखी वीस टक्के. बारातून हे वजा केलं की उरतात दोन लाख चाळीस हजार, म्हणजे जवळपास अडीच.

इंजिन फिरतंय ही चांगलीच गोष्ट आहे, पिस्टन सिलिंडरच्या बोअरमध्ये गंजून बसलेले नाहीत. पण त्याने भाव फारसा हलत नाही. हे ११४७ सीसीचं इंजिन पूर्वी मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्ड या मोटारीच्या ९४८ सीसीवाल्याच्याच कुळातलं. हेराल्डवर हात बसलेला जुना मिस्त्री ते उघडायला कचरत नाही. जाम असतं तरी मी पन्नास-साठ हजारच कमी केले असते.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. शेडच्या भिंतीवरची पुराची रेघ गाडीच्या चाकाच्या मध्यापर्यंत येते. मालकांनी ते लपवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण म्हणजे दाराखालच्या लांब पोकळ पेट्यांत गाळ शिरला आणि ओला राहिला. स्पिटफायरला हेराल्डसारखी वेगळी चासी आहे खरी, पण हेराल्डच्या चासीला बाजूने आधार असतात, ते हिला नाहीत. बॉडीचा ताठपणा त्या पेट्यांवरच अवलंबून असतो. त्या कुजल्या की दारं बसत नाहीत आणि नुसता वरून रंग मारून भागत नाही. डाव्या पेटीच्या मागच्या टोकाला माझा स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. मागच्या चाकावरच्या कमानीला लोहचुंबक चिकटलं नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. साडेचार लाख त्यासाठीच.

आणि कागद. आरसी अजून आजोबांच्या नावावर आहे. फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करता येते, पण वारस तिघे आहेत आणि तिघांची संमती हातात हवी. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची विंटेज म्हणून नोंदणी होते (नव्याने नोंदल्यास व्हीए मालिकेचा नंबर आणि वीस हजार फी), दहा वर्षांची मुदत. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. म्हणून मी इंजिन आणि चासी नंबर आरसीशी ताडून पाहिले. जुळले. दुसरं इंजिन बसवलेलं असतं तर मी लाखाच्या वर गेलोच नसतो.

भंगाराबद्दल मात्र माझा अनुभव उलटा आहे. साताऱ्यात आणि कराडला मी ज्या अर्धवट उघडलेल्या गाड्या पाहिल्या, त्या घेणाऱ्याने खरेदीतच पैसे संपवल्यामुळे तशा पडल्या होत्या. पत्र्याच्या कामाला पैसे उरले नाहीत, मग सुटे भाग विकले गेले.

आजोबांच्या हौसेची किंमत मी करूच शकत नाही. मालकांनी गाडी विकू नये, हाही उत्तम निर्णय ठरेल. तसं असेल तर ती विटांवर उचलून ठेवा, पेट्यांच्या तळाची भोकं मोकळी करून गाळ धुऊन काढा आणि प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, इतकंच त्यांना सांगेन. विकायचीच असेल, तिघांची संमती आली आणि जॅकवर उचलून पाहताना उजवी पेटी शाबूत निघाली, तर मी सव्वातीन लाखांपर्यंत येईन, असं त्यांना फोनवर कळवलं आहे.